मंगलाचं लिहिणं, विवेकरावांचं वाचणं

विवेकरावांच्या कलकत्त्याच्या घरातला लॅपटॉप बारा वर्षांचा. झाकण उघडलं की आधी नुसता घरघरायचा, मग काळा पडदा, मग त्यावर गोल फिरणारं चक्र, आणि ते चक्र फिरता फिरता विवेकरावांचा चहा निवून जायचा. मग कुठे ती पांढरी खिडकी दिसायची, आणि खिडकीत मंगलाचं बोलणं.

हो, बोलणंच. दुसरं काय म्हणणार त्याला? मंगला म्हणजे विवेकरावांची बायको. घशाच्या कर्करोगात तिचं स्वरयंत्र काढून टाकलं, त्यानंतर ती चौदा महिने जगली, आणि त्या चौदा महिन्यांत जे काही बोलली ते ह्या लॅपटॉपवर. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची आणि लॅपटॉप नवऱ्याकडे फिरवायची. ‘वरणात मीठ कमी आहे’पासून ‘आज मला भीती वाटतेय’पर्यंत सगळं एकाखाली एक. पुसलं काहीच नाही. गेल्या वर्षी कालीपूजेनंतर चार दिवसांनी ती गेली, आणि ते पान तिथेच उघडं राहिलं.

उघडं राहिलं ह्यालाही कारण होतं. मंगलाच्या वडिलांचं कऱ्हाडला किराणा दुकान होतं. संध्याकाळी फळ्या लावताना ते ‘दुकान वाढवलं’ म्हणायचे. ‘बंद केलं’ म्हणालं कुणी, की कानाखाली आवाज निघायचा. ते बाळकडू मंगलाच्या अंगात असं मुरलेलं, की लग्नानंतर तिनं विवेकरावांनाही तो शब्द कधी उच्चारू दिला नाही. दिवा शांत करायचा, दुकान वाढवायचं. मग लॅपटॉप तरी ती कसा बंद करेल? पडद्यावरच्या त्या ‘शट डाउन’ला तिनं जन्मात हात लावला नाही. झाकण हलकेच खाली करायची, वर दोन बोटं टेकवायची, झालं. कडेला एक इवलासा पांढरा दिवा लुकलुकत राहायचा. ती गेल्यावर विवेकरावांनीही तेच चालू ठेवलं. वायर भिंतीत, झाकण खाली, दिवा लुकलुकतोय. बॅटरी दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी म्हणून नवी घेतलेली, त्यामुळे डमडम भागातले दिवे गेले तरी चिंता नव्हती.

रोज सकाळी ते ती खिडकी थोडी थोडी वाचत. वर जायचं म्हटलं की लॅपटॉप अडून बसायचा. बाण दाबला की मिनिटभरानं ओळ हलायची. विवेकराव चिडायचे, टेबलावर थापट मारायचे, आणि पुन्हा वाट बघत बसायचे. शेजारी कुणी नसलेल्या माणसाला चिडायला तेवढंच निमित्त.

आता ह्या सगळ्यात सारंग कुठे बसतो ते सांगायला हवं. सारंग हा त्यांचा एकुलता एक मुलगा, मंगलाचा बाळ्या, मेलबर्नला. मंगलाच्या घशात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या, ऑपरेशन किंवा नुसते किरण. विवेकराव म्हणत होते, तिचा आवाज घालवू नका. सारंग फोनवर ठाम होता, “ऑपरेशनच करा, बाबा. आवाजाचं काय घेऊन बसलात, आई राहायला हवी.” ऑपरेशन झालं. आवाज गेला. आणि वर्ष सरायच्या आत दुखणंही परत आलं. आता बोला! विवेकरावांनी सगळा दोष पोराच्या डोक्यावर टाकला आणि मोकळे झाले. माणसाला असा एक धनी सापडला की बरं पडतं.

दर रविवारी सारंगचा फोन यायचा. मंगला टाइप करायची आणि विवेकराव वाचून दाखवायचे. आणि इथेच त्यांनी पाप केलं. पापच म्हणतो मी, उगीच मवाळ शब्द कशाला?

एका रविवारी मंगलानं लिहिलं, ‘त्याला म्हणावं येऊ नकोस. नातीची परीक्षा आहे. सुट्टी शिल्लक ठेव. मी बरी आहे.’ विवेकरावांनी ते वाचलं, आणि फोनमध्ये मोठ्यानं म्हणाले, “आई म्हणतेय, यायचं नसेल तर तसं स्पष्ट सांग.”

“आई असं म्हणाली?” सारंगचा आवाज पडला.

“समोर लिहिलंय.”

मंगलाच्या हाताशी दूध प्यायची स्टीलची वाटी होती. तिनं चमचा उचलला आणि वाटीवर ठण ठण वाजवायला सुरुवात केली. डोळे नवऱ्यावर रोखलेले. तोंड उघडून ओरडायची सोय नव्हती ना.

“ती काय वाजवतेय, बाबा?”

“राग आलाय तिला,” विवेकराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

हे खोटं नव्हतं, एवढीच त्यातली गंमत. राग आलाच होता. पुढचे दोन दिवस मंगलानं एक अक्षर लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, ‘मला आवाज नाही म्हणून तुम्ही माझ्या तोंडात तुमचं बोलणं घालता. हे बरं नाही.’ विवेकरावांनी मान खाली घातली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा एक ओळ गाळली. कधी गोड शब्द गाळायचे, कधी एखादा कडू घालायचे. हळूहळू सारंगचे फोन तोकडे झाले. आईला आपलं तोंड बघायचं नाही अशी त्यानं समजूत करून घेतली आणि तिच्यासमोर उभं राहायची हिंमतच हरवून बसला. आला तो थेट तिच्या मातीला. चार दिवस राहिला, बापाशी धड बोललाही नाही, आणि गेला.

पण सगळ्यात मोठी ओळ ती होती, जी विवेकरावांनी कधीच वाचून दाखवली नाही. पान बरंच वर नेलं की, माशांच्या भावाबद्दल शेजारणीशी घातलेल्या हुज्जतीखाली, मंगलानं लिहिलं होतं, ‘बाळ्याला सांगा, ऑपरेशन मी माझ्या मनानं केलं. त्याचा काही दोष नाही. तो लागून घेतो मनाला. नक्की सांगा.’ आणि खाली पुन्हा एकदा, ‘सांगा हं.’

नाही सांगितलं. त्या रविवारी म्हणाले, “काही विशेष नाही, झोपलीय ती.”

वर्षभर रोज ती ओळ वाचून वाचून शेवटी विवेकरावांचंच काळीज कुरतडायला लागलं. वर्षश्राद्धाच्या तीन आठवडे आधी त्यांनी आपण होऊन सारंगला फोन लावला.

“तुझ्या आईनं तुझ्याबद्दल पुष्कळ लिहून ठेवलंय. मी तुला सगळं वाचून दाखवलं नव्हतं. काही ठिकाणी माझ्या पदरचं घातलं.”

मग सारंग म्हणाला, “ऑपरेशनबद्दल काही लिहिलंय?”

“लिहिलंय.”

“काय लिहिलंय, बाबा?”

“मी सांगणार नाही. माझ्या तोंडून आता काही ऐकू नकोस. ये आणि स्वतः वाच.”

“फोटो काढून पाठवा ना.”

“फोटो-बिटो काही नाही. तिच्या टेबलाशी बसून वाच.”

घ्या. नमतं घेतानाही ताठ्यानंच घेतलं. त्या क्षणी फोटो काढला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मुलानं यावं, टेबलाशी बसावं, आपण मागे उभं राहावं आणि त्यानं वळून बघावं, हे चित्र त्यांनी मनात रंगवलं होतं. सारंग म्हणाला, “येतो. श्राद्धाच्या आधीच्या शनिवारी पोचतो, सोमवारी ते करून जातो.”

मग विवेकरावांना लॅपटॉपची काळजी लागली. पोरगं एवढ्या लांबून येणार, आणि हे यंत्र ओळ हलवायला मिनिट घेणार! शिवाय सारंग कॉम्प्युटरवाला माणूस, म्हणेल बाबा, हे काय भंगार ठेवलंय. गणपतीत मराठी मंडळात भेटणारा सलील इथे एका आयटी कंपनीत आहे, त्याला त्यांनी फोनवर विचारलं.

“दोनच जीबी रॅम आहे का, काका? मग तो रडणारच. आठ जीबी टाकून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पळायला लागेल.”

सारंग यायच्या आठवड्यात, मंगळवारी, विवेकरावांनी लॅपटॉप मंगलाच्या जुन्या शालीत गुंडाळला, पिशवीत घातला आणि मेट्रोनं चांदनीच्या बाजारात गेले. सुट्या भागांच्या गल्लीत एका दुकानात तापस नावाचा पन्नाशीचा माणूस बसला होता. डोळ्याला भिंग लावलेलं, बोलायला मऊ.

“बसा, मेशोमशाय,” तो बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाला; मेशोमशाय म्हणजे आपलं काका. “दोनाचे आठ करून देतो. आतलं सगळं सेव्ह केलेलं आहे ना?”

आता विवेकरावांची नोकरी बँकेतली. बदलीवर कलकत्त्याला आले ते इथलेच झाले. बँकेत एन्ट्री टाकली, वरच्यानं पास केली, की ती झाली. मग पुढे मशीन बंद पडो, दिवे जावोत, एन्ट्री जागची हलत नाही. ‘सेव्ह’ म्हणून वेगळं काही दाबावं लागतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. पत्रं टाइप करायला कारकून असायचे. त्यांच्या लेखी मंगलानं जे टाइप केलं ते तेव्हाच जमा झालेलं होतं.

“सगळं आतच आहे,” ते ठसक्यात म्हणाले. “त्यातलं एक अक्षरही जाता कामा नये.”

“रॅम बदलून फाइल जात नाहीत, मेशोमशाय. हार्ड डिस्कला मी हातसुद्धा लावणार नाही.”

ह्यात तापसचं काय चुकलं? अक्षर न् अक्षर खरं बोलला बिचारा. झाकण खाली होतं, त्यानं लॅपटॉप तसाच पालथा घातला आणि बॅटरीची कळ सरकवली. बॅटरी निघाली. कडेचा तो पांढरा दिवा, जो वर्षभर लुकलुकत होता, तो गेला.

विवेकराव एकदम पुढे वाकले. “तो दिवा—” ते म्हणाले.

“बॅटरी लावली की येईल परत.”

तापसनं चार स्क्रू काढले, जुनी पट्टी उपसली, नवी बसवली, कट् आवाज झाला. जुनी पट्टी त्यानं कागदात गुंडाळून विवेकरावांच्या हातात दिली. नवा लॅपटॉप सुरू व्हावा तसा तो लॅपटॉप चुटकीसरशी सुरू झाला. पडद्यावर निळं आकाश, त्यावर चारदोन चित्रं.

“बघा, कसा पळतोय,” तापस म्हणाला.

विवेकराव खूश झाले. खरंच खूश झाले हो! खिडकी दिसली नाही, पण त्यांना वाटलं ती घरी गेल्यावर दिसेल. परतताना मेट्रोत उभे राहूनही त्यांना थकवा जाणवला नाही. शनिवारी सारंगनं झाकण उघडायचा अवकाश, समोर आईची ओळ.

घरी आले. टेबलावर लॅपटॉप ठेवला, झाकण उघडलं. निळं आकाश. त्यांनी प्रत्येक चित्रावर टिचक्या मारल्या. एक पांढरी खिडकी उघडली खरी, पण ती कोरी होती. मिटली, पुन्हा उघडली. कोरीच. तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चपला काढल्या नव्हत्या, तशीच पिशवी उचलून ते पुन्हा मेट्रोत बसले.

तापसनं सगळं ऐकून घेतलं. गिऱ्हाईक बाजूला बसवून तो तासभर शोधत राहिला. मग त्यानं डोळ्याचं भिंग काढलं.

“त्या लिहिलेल्या पानाला काही नाव दिलं होतं?”

“नाव? कसलं नाव?”

“सेव्ह करताना विचारतं ते.”

“त्यानं कधी काही विचारलंच नाही,” विवेकराव म्हणाले.

“मग ते डिस्कवर कधी उतरलंच नाही, मेशोमशाय. नुसतं उघडं होतं. झाकण खाली केलं की मशीन झोपतं, तोवर ते रॅममध्ये असतं. मी बॅटरी काढली आणि...” त्यानं भिंग काउंटरवर ठेवलं. “मी समजलो मशीन पूर्ण बंद आहे.”

विवेकरावांनी खिशातून तो कागद काढला, उलगडला आणि जुनी पट्टी काउंटरवर ठेवली. “ही ती रॅम. ही परत बसवा. ह्यात असेल ना?”

“वीज गेली की ह्यात काही राहत नाही.”

“थोडंसुद्धा?”

तापसनं मान हलवली. मग विचारलं, “कुणाचं लिहिलेलं होतं?”

“माझ्या बायकोचं,” विवेकराव म्हणाले, आणि त्या गल्लीत, भर बाजारात, सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस ओक्साबोक्शी रडला. तापस काउंटरबाहेर आला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. कामाचे पैसे त्यानं परत द्यायचा प्रयत्न केला, ते विवेकराव तिथेच विसरून आले.

पुढचे तीन दिवस त्यांनी कोऱ्या खिडकीसमोर काढले. आठवेल तसं लिहायचं असं ठरवलं. रोज वाचत होते, पाठच व्हायला हवं होतं की नाही? सुरुवात बरी झाली. मीठ कमी आहे. पंखा हळू करा. पण सारंगचं काही लिहायला घेतलं की बोट अडायचं. तिनं काय लिहिलं आणि आपण काय वाचून दाखवलं, ह्या दोन्हींची अशी सरमिसळ झालेली की काही ओळी नक्की कुणाच्या हेच कळेना. एकदा तर लक्षात आलं, आपण तिच्या तोंडी आपल्याला माफ करणारी ओळ घालतोय. ती तिनं कधीच लिहिली नव्हती. लाज वाटून त्यांनी ती पुसली. ऑपरेशनची ओळ मात्र शंभर टक्के तिची होती, ती त्यांनी लिहिली. सलीलला फोन करून सेव्ह कसं करायचं ते विचारलं, आणि नाव दिलं.

शनिवारी दुपारी सारंग आला. कानांजवळ पांढरे झालेले केस, हातात एकच बॅग. बापाच्या पाया पडला, पाण्याचा पेला हातात घेतला आणि न पिताच म्हणाला, “कुठे आहे?”

विवेकरावांनी सकाळपासून त्याला काय सांगायचं ते दहा वेळा घोकलं होतं. पण आता आडवळण न घेता एका दमात सगळं सांगून टाकलं. रॅम, तापस, बॅटरी, सगळं. सारंग ऐकत होता. मग आईच्या खुर्चीत बसला आणि त्यानंही तास-दीड तास शोधलं. त्याला माहीत होतं काही सापडणार नाही, तरी शोधलं. शेवटी त्यानं बापानं लिहिलेलं पान उघडलं.

मनात रंगवलं होतं तसंच झालं. सारंग टेबलाशी, विवेकराव त्याच्या मागे.

“हे?”

“मीच लिहिलंय. तिचं, आठवलं तसं.”

सारंगनं वाचलं. एका ओळीवर थांबला. मोठ्यानं वाचली, “‘सारंगला सांगा, ऑपरेशन मी माझ्या मनानं केलं. त्याचा काही दोष नाही.’” मग वळून न बघताच म्हणाला, “आईनं मला सारंग कधी म्हटलंय, बाबा?”

विवेकराव पडद्याकडे वाकले. “बाळ्याच होतं. बाळ्याला सांगा, असंच होतं. माझ्या हातून...”

“तुमच्या हातून.”

“ओळ तिचीच आहे रे! खाली ‘सांगा हं’ असंही होतं. देवाशपथ सांगतो.”

“तेव्हाही सांगायचात, समोर लिहिलंय म्हणून.” सारंगच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, विवेकरावांना रागाशी भांडता येतं. “त्या दिवशी ती वाटी वाजवत होती. ती कुणावर?”

“माझ्यावर. मी खोटं वाचलं म्हणून.”

सारंगनं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. “मी दोन वर्षं समजत होतो, माझ्यावर,” तो म्हणाला. “आता तुम्ही म्हणता तुमच्यावर. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असाल. मी काय धरून चालायचं, बाबा?”

विवेकरावांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते निखळ खरं बोलत होते, आणि ते खरं आहे हे सांगायला त्यांच्याजवळ त्यांच्याच शब्दाखेरीज काही नव्हतं. आणि तो शब्द त्यांनी कधीच वापरून संपवला होता.

सारंगनं डोळे पुसले. पेल्यातलं पाणी प्यायला. मग पडद्याकडे हात नेत, सवयीनं विचारावं तसं त्यानं विचारलं, “हा बंद करू ना?”

अठ्ठेचाळीस वर्षांत त्या शब्दाला ह्या घरात कुणी होकार दिला नव्हता. विवेकरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथून कुणी चमचा वाजवत नव्हतं.

“कर बंद,” ते म्हणाले.